टंकलेखनाबद्दल आभार

वाशी, ९ मार्च १९९६

प्रिय दिलीप,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. खोडणार होते, पण राहू दे.

तुझा शोधनिबंध छापलेला अंक मंगळवारी ऑफिसात आला. उपग्रहाचे संदेश पकडायला छत्रीसारखी डिश नको, होलोग्रामच्या तत्त्वावर तांब्याच्या वळणदार रेषा छापलेली सपाट पाटीही पुरते, हे किती छान मांडलंयस! वर नाव तुझ्या एकट्याचं. शेवटी बारीक टाइपात, 'टंकलेखनाबद्दल कु. गीतांजली यांचे आभार.' टंकलेखन! ती ओळ मी तीनदा वाचली.

तळोज्याला कारखान्याच्या गच्चीवर पहिली पाटी फसली तेव्हा काय म्हणालास, आठवतं? 'हे होलोग्राम वगैरे कागदावर ठीक आहे गं, आपण आपल्या डिशच बनवू.' दुसरी फसली तेव्हा तू गच्चीवर आलासुद्धा नाहीस. लाट पाटीवरून सरकताना हवेतल्यापेक्षा हळू जाते, म्हणून रेषा अजून जवळ हव्यात, हे माझ्या वहीत आहे. माझ्या अक्षरात, तारखेसकट. आपले नावड्याचे छपाईवाले शहाजीराव, त्यांनी कुरकुर न करता तिसऱ्यांदा साचा कापला. 'म्याडम, तुमी आकडं द्या, रेघ हलायची न्हाय,' म्हणाले. त्या पाटीने उपग्रहाचा संदेश पकडला आणि मीटरचा काटा उडाला, तेव्हा तांबं कोरायच्या अ‍ॅसिडने पिवळे पडलेले हात त्यांनी आभाळाकडे बघत जोडले. त्यांचे तर तू आभारही मानले नाहीस.

बुधवारी तुला बंगलोरला फोन केला तो छापणाऱ्यांची चूक असेल, या आशेने. तू हसलास. 'टेन्शन कशाला घेतेस? मे महिन्यात लग्नच आहे आपलं. नवरा-बायकोत नाव कुणाचं, काय फरक पडतो?' फरक पडत नव्हता तर स्वतःचं गाळायचंस! पण हे तेव्हा सुचलं नाही. राग गिळून मी फोन ठेवला, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

वहीच्या बावीस पानांच्या झेरॉक्स आणि शहाजीरावांचं सहीचं पत्र आज रजिस्टर्ड पोस्टाने संपादकांकडे गेलं. हॉलचं बुकिंग बाबांनी काल रद्द केलं. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी लगेच चप्पल घातली आणि निघाले. या दोन्ही गोष्टी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नयेत, एवढ्यासाठीच हे लिहिलं. संपादक तुला विचारतील. तेव्हा तरी खरं सांग.

तुझी सहलेखिका,
गीतांजली