वजनकाट्याखालची संक्रांत
आई, तू गेलीस त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज सकाळपासून दुष्काळातली ती संक्रांत आठवतेय. गोदावरीत नुसती वाळू उरली होती आणि सगळ्या बाया खडी फोडायला जात होत्या. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, बायांनी एकत्र बसायचं सगळंच त्या साली थांबलं होतं. दादा गेल्यावर कोपरगावच्या दवाखान्यात शिकून तू गावची आरोग्यसेविका झाली होतीस. शाळेपुढच्या लिंबाला काटा टांगून पोरांची वजनं घ्यायचीस, पण बाया फिरकत नव्हत्या. वजन केलं की पोराला दृष्ट लागते म्हणायच्या. तिकडं खालच्या आळीत दोन लेकरं हगवणीनं गेली. त्या दिवशी तू जेवली नाहीस.

मग तू घरोघर सांगत सुटलीस, "संक्रांतीला लिंबाखाली या. पोरांना घेऊन या. सगळ्यांनीच या." सगळ्यांनी म्हणजे विधवांनीही, तांबोळ्यांच्या भाभीनंही. पाटलीणकाकू आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुंकू पुसलेल्या बाईनं संक्रांत करायची? कुठली रीत हाय ही?" मी चुलीपाशी तीळ भाजतेय. तू शांतपणे म्हणालीस, "काकू, मी वाण लुटत न्हाई. पोरं जोखते. येईल तिच्या हातावर तीळगूळ ठेवते."

बाया आल्या. आधी चार-दोन, मग आळीच्या आळी. एकेक पोर झोळीत बसतंय, रडतंय, बाया हसतायत. कितीतरी महिन्यांनी मी बायांचं असं हसणं ऐकत होते. अशक्त पोरांच्या आयांना तू बाजूला घेऊन बोललीस, पाणी उकळायला सांगितलंस. उठता उठता कुणीतरी म्हणालं, नाव घ्या गं एकेकीनं. उखाणे सुरू झाले आणि फिरत फिरत तुझ्यापाशी आले. तुला सोडून पुढची नाव घ्यायला लागली. तेवढ्यात भाभी म्हणाली, "घ्या की बाई. नाव काय मरतंय व्हय?"

तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "गोदेला नाही पाणी, तरी काठ सोडत नाही, ते गेले तरी मी त्यांचं नाव सोडत नाही." आणि नाव घेतलंस. दादांचं नाव तुझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही.

पुढं दर महिन्याला लिंबाखाली बाया जमत राहिल्या. पाऊस आला, खडीची कामं संपली, तरी जमत राहिल्या. काकूही आल्या एकदा, नातवाला कडेवर घेऊन. "टांग बाई ह्यालाबी," एवढंच बोलल्या.

आई, तुझे जावई मागच्या श्रावणात गेले. काल सोसायटीतल्या मुली हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या. "काकू, तुम्ही यायचंच," म्हणाल्या. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. माझे गुडघे दुखत नाहीत.