निंबाखालचं कुलूप

६ एप्रिल
निंबाचं मैदान ओळखू येईना. दिवाळीपर्यंत निंबाखालचा तुकडा सोडला तर इथे उकिरडाच होता, नाक धरून जावं लागे. विमलअक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, मंडळ काढलं, पहिला झाडू स्वतः घेतला. आम्ही पेन्शनर लाजेकाजेस्तव मागून गेलो. आज रहीमभाईंनी वेल्डिंग करून चहूबाजूंनी रेलिंग बसवलं. मजुरी नाही घेतली. जाताना फाटक पुन्हा पुन्हा उघडून-लावून पाहत होते.

१५ एप्रिल
आत बाटल्या पडतात म्हणून फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडे. 'झाडाला दोर, खिळे, बॅनर लावू नये' ही पाटीही मीच रंगवली. अक्षर बरं आलंय. बायको म्हणाली, "आता आत माणसं कधी सोडणार?" टोमणा. दुर्लक्ष केलं.

२२ एप्रिल
नगरपालिकेत गेलो. मैदानावर गाळे बांधायचा ठराव पुढच्या सभेत येतोय. मुख्याधिकारी सरळ माणूस. म्हणाले, "लोक जागा वापरतात हे दाखवा, मी तसा शेरा देतो."
अक्का लगेच, "आखाजीला या साहेब, अक्षय्य तृतीयेला. साऱ्या माहेरवाशिणी निंबाला झोके बांधतात. पाय ठेवायला जागा नसते."
साहेब विदर्भातले, त्यांना हे नवीन. येतो म्हणाले. बाहेर अक्कांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. जिंकलोच अशा थाटात घरी.

३० एप्रिल, आखाजी
काय लिहू.
साहेब आले. मी कुलूप काढलं. मैदान चकाचक, आणि आत चिटपाखरू नाही. झोके सगळे पलीकडे, शाळेमागच्या चिंचेला. गाणी इथवर ऐकू येत होती. साहेब रागावले असते तर बरं. "छान ठेवलंय," एवढंच म्हणाले, गाडीत बसले.
अक्का तडक चिंचेकडे. शिरपूरहून माहेरी आलेली गल्लीतली मंगल झोक्यावरूनच म्हणाली, "अक्का, तठे ते कुलूप शे! अन पाटी लायेल शे, दोर लावू नका. आते झोका कोठे बांधाना?"
इतक्या बैठका झाल्या, पण झोक्याला दोर लागतो आणि फाटकाला कुलूप आहे, हे मंडळात एकाच्याही डोक्यात आलं नाही. बायकोने टोमण्याऐवजी किल्ली माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. तेच जास्त लागलं.

१ मे
अक्का सकाळीच चिंचेखाली. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "चूक माझी. जागा तुमची, अन मी तुम्हालाच बाहेर ठेवलं." सारवासारव नाही, 'पण' नाही. उभी नोकरी ऑफिसात गेली माझी, वरच्या खुर्चीतलं माणूस असं बोलताना ऐकलं नव्हतं. वाकून नमस्कार करावा वाटला. लाजलो, राहून गेलं.
मग रहीमभाईंकडे. मला धास्ती, केवढं मन लावून केलेलं काम. त्यांनी शांतपणे ऐकलं. "लावलं मीच अक्का, कापतो बी मीच." ग्राइंडर घेऊन निघाले. संध्याकाळपर्यंत रेलिंग आडवं. त्या पाइपांचे बाक करायचं म्हणतात.
पाटी मी उपटली.

३ मे
निंब भरलाय! चिंचेवरचे सगळे झोके इकडे आले. मंगलने अक्कांना बळेच बसवलं. आधी ओरडल्या, मग खाली उतरेनात. रहीमभाईंची लेकही दोन्ही पोरांना घेऊन झोक्यावर.
साहेबांना बोलवायला गेलो तर ते मीटिंगला धुळ्याला. शिपायाकडे निरोप ठेवला.

६ मे
सभा उद्या. साहेब काही फिरकले नाहीत. शेरा काय दिलाय, कोणी सांगत नाही. अक्का म्हणतात, "गाळे झाले तर दुसरी जागा झाडू." म्हणताना निंबाकडे बघत नव्हत्या.
लेकी सासरी निघाल्या की झोके उतरवायचे, अशी रीत. दुपारी मंगल बॅग घेऊन स्टँडकडे निघाली होती. तिच्या झोक्याखाली मी स्टूल लावलेलं पाहिलं, तशी मागे फिरली, निंबाला हात लावून म्हणाली,
"नाना, दोर सोडू नका. पुढली आखाजीले मी आठेच येसू."
स्टूल घरी आणलं. दोर तिथेच आहे.