अर्जदाराचा आवाज अर्जदाराचाच असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
कंपवात आवाज-तपासणी प्रकल्प,
जिल्हा बीड.

अर्जदार : बंकट मुंजाजी घोळवे, रा. येळंबवाडी, ता. केज.

विषय : बरा होत असल्याचा शेरा रद्द करून गोळी पूर्वीप्रमाणे पूर्ण मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे अभिनंदनपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, अर्जदारास कंपवाताचा आजार आहे. हात कापत असल्याने हा अर्ज त्याच्या सांगण्यावरून त्याची पत्नी सत्यशीला लिहीत आहे. मजकुरात कुठे राग दिसल्यास तो पत्नीचा समजावा. अर्जदार स्वभावाने गरीब आहे.

१. अर्जदार पंचक्रोशीतील लग्नांत माईक सांभाळत असे. पुढाऱ्यांची नावे मानाप्रमाणे घेणे, नवरीच्या मामाला बोलावणे आणि शेवटी "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये" असे पुकारणे, हे त्याने उभी हयात केले. कर्णा बंद पडला तरी त्याचे बोलणे मागच्या पंगतीला ऐकू जाई. आजारात हाताच्या आधी आवाजच गेला. आता तो बोलतो ते शेजारी बसलेल्यालाच कळते, तेही टीव्ही बंद असल्यास.

२. आजार किती वाढला हे आवाजावरून मोजायचे आपण ठरवले, हे चांगलेच केले. दर सोमवारी फोन येतो, दम असेपर्यंत "आ" म्हणायचे, एखादे वाक्य बोलायचे, की मशीन निकाल देते. परंतु आमच्याकडे साहेब येणार म्हटले की चांगली सतरंजी शेजाऱ्याकडून आणून अंथरण्याची रीत आहे. त्या रीतीला धरून अर्जदाराचा धाकटा भाऊ हरिओम पहिल्याच सोमवारी म्हणाला, "दादा, सरकारी मशिनीपुढं असा मरतुकडा आवाज कशापायी घालायचा? गावाची काय इज्जत ऱ्हाईल? सरक, मी बोलतो." लग्नातला माईक आता हरिओमकडेच आहे. त्याने दणदणीत "आ" लावला आणि सवयीने "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये" हेही जोडून दिले. यात फसवण्याचा हेतू नव्हता, सतरंजीतही नसतो. पुढे दर सोमवारच्या सरावाने हरिओमचा "आ" लांबत गेला आणि तसतसा अर्जदार बरा होत गेला.

३. त्यावर आपले अभिनंदनपत्र आले. केजला सत्कार झाला. शाल खांद्यावर राहिली, पण नारळ अर्जदाराच्या हातातून निसटून व्यासपीठावरून खाली गेला. तेव्हा "आनंदाने हात कापतोय" असे माईकवरून सांगण्यात आले आणि टाळ्या पडल्या. सत्कारानंतर डॉक्टरांनी अहवालाकडे पाहून गोळी निम्मी केली. अर्जदार समोरच बसला होता, त्याच्याकडे पाहायचे राहून गेले.

४. मग मात्र घरात सगळेच घाबरले. पुढच्या सोमवारी अर्जदार स्वतः बोलला. मशीन म्हणाले, "ही व्यक्ती नोंदणीकृत रुग्ण नाही. कृपया रुग्णाकडे फोन द्यावा." अर्जदार पुन्हा बोलला, मशीन पुन्हा तेच म्हणाले. शेवटी हरिओमने फोन घेऊन खरा प्रकार पहिल्यापासून सांगितला, रडलाही. मशीनने तेवढे बोलणे मोजून प्रकृतीत आणखी सुधारणा झाल्याचे कळवले.

५. आपल्या कार्यालयात विचारले असता, आवाज स्वतःचाच असल्याचा दाखला आणा असे सांगण्यात आले. ग्रामपंचायतीत गेलो. तिथले म्हणाले, "वहिनी, हयातीचा हाय, रहिवासाचा हाय. आवाजाच्या दाखल्याचा नमुना अजून आलेलाच न्हाई." सबब दाखला जोडता येत नाही. त्याऐवजी आमच्या म्हशीची साक्ष ग्राह्य धरावी. अर्जदाराने गोठ्याच्या दारातून त्या बारीक आवाजात हाक मारली की ती मान वळवते, हरिओम बोंबलला तरी वळवत नाही. तिला केजपर्यंत आणणे जिकिरीचे आहे, तरी लेखी हुकूम झाल्यास आणू.

६. एवढी निकड असण्याचे कारण असे की, तुळशीच्या लग्नानंतर आमच्या सुनिताचे लग्न आहे. बापाने आजवर साऱ्या गावाच्या लेकींच्या लग्नात माईक धरला, आपल्या लेकीच्या लग्नात शेवटचे एक वाक्य तरी स्वतः म्हणावे, एवढीच त्याची इच्छा आहे. पूर्ण गोळी होती तेव्हा तो सकाळी बाजेवर बसून सराव करत असे आणि वाक्य पुरे होई. निम्म्या गोळीने उंबऱ्यात पाय चिकटतात, चहा बशीत कमी आणि सदऱ्यावर जास्त जातो, आणि वाक्य "जेवल्याशिवाय"पर्यंत येऊन थांबते. सुनिता पुढचे शब्द मनातल्या मनात म्हणते, ते तिच्या ओठांवर दिसते. हे पाहून पत्नीस फार वाईट वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत, तरी लिहिले आहे.

तरी मेहेरबान साहेबांनी बरा होत असल्याचा शेरा रद्द करावा, गोळी पूर्ण करावी, आणि अर्जदाराचा आवाज जसा उरला आहे तसाच त्याच्या नावावर लावून घ्यावा. हरिओमचा आवाज त्याला परत करावा, त्याला हरिओमची हरकत नाही.

खात्री करायची असल्यास साहेबांनी सहकुटुंब लग्नास यावे, मशीनही सोबत आणावे. त्या दिवशी माईक हरिओमकडून काढून घेण्यात येईल. अक्षता पडल्यावर शेवटचे वाक्य अर्जदार म्हणणार आहे. वेळ लागेल, बसून राहावे. आणि ऐकू आले नाही, तरी जेवून जावे.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
बंकट मुंजाजी घोळवे
(सही वाकडी आहे, पण त्याचीच आहे.)
लिहिणार : सत्यशीला बंकट घोळवे

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) अभिनंदनपत्र, मूळ प्रत. आम्हाला परत नको.
२) लग्नपत्रिका.