डोंगराखालच्या दरीचे वय आणि माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त परागकण तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि दार आतून लावून लिहीत आहे. डॉक्टरांनी मला दोनदा तपासले; पहिल्यांदा ते मोबाइल बघत होते.

१. माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेला द्यावा. भिंगे मोजून, पावती घेऊन.

२. पुतण्याला कपाट मिळेल, रिकामे. "काकू, सहज विचारतोय," म्हणत तो घराच्या कागदांपाशी तीनदा घुटमळला आहे.

३. राहते घर माझ्या थोरल्या बहिणीला. एकोणतीस वर्षे मी तिच्याशी बोलले नव्हते, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

तिचे यजमान, माझे भावोजी, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. डोंगरात बोअर मारताना खाली गाडलेली जुनी दरी लागली. वर आलेल्या गाळाच्या कांडीतले परागकण मी मोजले. ते ज्या झाडांचे, ती केव्हाच नामशेष झालेली. त्यांवरून दरीचे वय सगळे मानत होते त्याच्या तिप्पट निघाले. भर बैठकीत भावोजी म्हणाले, "यात आजच्या गवताचे ताजे परागकण आहेत. अहवाल मागे घ्या."

ते त्यांनीच मिसळले, अशी माझी खात्री झाली. त्यांची पत्रे आली, ती न फोडता परत केली. ते वारले तेव्हाही गेले नाही.

कांडीचा उभा अर्धा भाग मी लाखेने बंद करून घरी ठेवला होता. गेल्या महिन्यात तो मी स्वतः उघडला. लाखेला कुणी हात लावलेला नव्हता, तरी बाहेरच्या थरात तेच ताजे गवत. आतल्या गाळात मात्र फक्त जुने, चपटे, तपकिरी कण. बोअरच्या मिस्त्रीला गाठले आणि खोदताना बोअरमध्ये कुठले पाणी सोडायचे, ते विचारले.

"पाणी ओढ्याचंच वापरायचो की, बाई," तो म्हणाला. "काठाला गवत डोक्याएवढं."

मी बहिणीकडे गेले. तिने दार अर्धेच उघडले.

"आता काय तपासायला आलीस?"

"माझं चुकलं, ताई."

तिने आतून एक परत आलेले पत्र आणून दिले. शिक्का पाहून, पाकीट उजेडात धरून, मग मी ते फोडले. तारीख बैठकीनंतरच्याच आठवड्याची. "बाहेरचा थर खरवडून आतला गाळ पुन्हा मोजा. तुम्ही काढलेलं वयच बरोबर निघेल, असं मला वाटतं."

४. तेव्हा मागे घ्यावा लागलेला माझा अहवाल प्रयोगशाळेने पुन्हा सादर करावा. भावोजींचे नाव आधी, माझे नंतर.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. बोअरचा मिस्त्री २. डॉक्टर (दोघांनी माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचून सही केली.)
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ४ मार्च