ग्रामवर लावू नये

अकोला,
११ मे १९६३

ती. मामांस,

धर्मपालचा सप्रेम जयभीम. 'तीर्थरूप' लिहावं की लिहू नये, यावर बराच वेळ पेन धरून बसलो होतो. तीर्थं आपण छप्पन साली सोडली, आणि नुसतं 'रूप' लिहावं तर तुम्ही आरसा शोधायला उठाल. म्हणून 'ती.' एवढंच ठेवलं आहे, त्याचा लावायचा तो अर्थ लावा. तुमचा गुडघा कसा आहे? पंचफुलामामींचा खोकला गेला का? इथे ऊन असं आहे की दुपारी कुलपाला हात लावला तर फोड येतो. माझी प्रकृती उत्तम आहे, डोकं सोडून. हे पत्र डोक्याविषयीच आहे.

(कॉलेजचा विषय मी या पत्रात काढणार नाही. 'तुमच्या लोकांच्या हातात नाजूक उपकरणं टिकत नाहीत' असं डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला आणि मी ते उपकरण त्याच्या टेबलावर जरा जोरात ठेवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. ते काचेचं होतं, हा काही माझा दोष नाही.)

तर आमच्या गल्लीच्या टोकाला पोस्टातले खुशालराव राहतात. तुमच्याबरोबर अमरावतीच्या बोर्डिंगात होते तेच. तुम्ही त्यांना 'खुशा' म्हणत होतात म्हणे. मला त्यांच्यासमोर श्वाससुद्धा परवानगीनं घ्यावा लागतो. त्यांना ललिता नावाची मुलगी आहे. मॅट्रिक झाली. तिच्याविषयी मी जास्त काही लिहिणार नाही. (दोन वेण्या घालते. एवढंच.) खुशालरावांकडे रेडिओ होताच, त्यात गेल्या महिन्यात त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणलं. हे भोंगेवालं मशीन नव्हे. एक पेटी, वर फिरती थाळी, सुईचा हात, आणि मागे वायरची शेपटी. त्याला स्वतःचा गळा नाही. शेपटी रेडिओच्या पाठीत खोचायची, मग मशीन रेडिओच्या तोंडानं बोलतं, आपले काही पुढारी दुसऱ्याच्या तोंडानं बोलतात तसं. दुकानदार स्वतः येऊन जोडून गेला, त्या संध्याकाळी बुद्धवंदनेची रेकॉर्ड अशी खणखणीत वाजली की अख्खी गल्ली हात जोडून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून बंद. रेडिओ चांगला बोलतो, बातम्या देतो, बाजारभाव सांगतो. थाळीही चांगली फिरते. सुईजवळ कान नेला तर डास गुणगुणल्यासारखी वंदना ऐकूही येते. पण रेडिओ काही त्या मशीनला ओळख दाखवायला तयार नाही. ज्यांच्या दुकानात मी सध्या काम शिकतो ते गुलाम नबी येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "मियाँ, दोनों भले-चंगे हैं. रेडिओ मशीन को पैचानताच नै." एवढं निदान करून ते लाउडस्पीकर घेऊन अकोटला एका लग्नाला गेले, ते अजून परतले नाहीत.

मग राहिलो मी. 'तू सायन्सले होता नं? पाह्य बरं,' असं खुशालराव म्हणाले. मामा, ज्या दारातून मला आजवर नुसतं पाहायची परवानगी होती, त्या दारातून मी पेचकस घेऊन आत गेलो! पण आत गेल्यावर कळलं की पौर्णिमेला घरी वंदना आहे, आणि त्या दिवशी अंजनगाव सुर्जीची मंडळी ललिताला पाहायला येणार आहेत. मुलगा किसनराव, धारणीकडे ग्रामसेवक. म्हणजे मशीन सुधारलं तर पाहुण्यांची बडदास्त उत्तम आणि सोयरीक पक्की. नाही सुधारलं तर मी नालायक आणि सोयरीक तरीही पक्की. स्वतःच्या वैऱ्याच्या वरातीचा बाजा मीच नीट करायचा! असं काम तुम्ही कधी केलंय का? नसेल तर मला रागीट म्हणू नका.

तरी केलं. सुया बदलल्या. शेपटीची पिन खोलून दोन्ही वायरी कथील लावून पुन्हा जोडल्या, मग उलट्या जोडल्या, मग वैतागून सुलट्या केल्या. एकदा असा झटका बसला की माझ्या तोंडून निघालेला शब्द ऐकून चतुराबाई (ललिताची आई) स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आल्या. अर्थिंगची तार जमिनीत कोरडी पडली असेल म्हणून तिथे पाणी घालायला सांगितलं, तर त्या माउलीनं सकाळ-संध्याकाळ इतकं पाणी घातलं की तिथे आता पालक उगवलाय. मशीन मुकंच. आणि ललिता दाराशी उभी राहून विचारते, "आज कोनता पार्ट बिघडवाचा हाय?" या असल्या बोलण्यानं माणूस काम कसं करेल?

तेवढ्यात रेडिओच्या एका बटणाकडे माझं लक्ष गेलं. त्या बटणाला चार घरं: मिडियम, शॉर्ट एक, शॉर्ट दोन, आणि चौथ्या घरावर पोस्टातल्या लाखेचा हा एवढा लाल गोळा, मोहोरेसकट! बटणाचा काटा तिथवर जाऊच नये असा बंदोबस्त. लाखेच्या कडेनं इंग्रजी अक्षरं दिसत होती, जी-आर-ए-एम. मी नखानं जरा खरवडलं तर खुशालराव खेकसले.

"त्याले हात नाई लावाचा!"

"काहून?"

"ग्राम हाय ते. दुकानदार गेल्यावर म्या एकडाव लावून पाह्यलं. मुकं! एक शबूद नाई. गावात तरी आपल्याशी कोन बोलत होतं? गाव सोडलं तं सोडलं. माह्या घरात ग्राम नाई पायजे."

मी नख मागे घेतलं. शिवाय, खरं सांगायचं तर माझंही मत वेगळंच होतं. कॉलेजात हरभऱ्याचं रोप कापलं तेव्हा वहीत हेच इंग्रजी नाव लिहिल्याचं मला पक्कं आठवत होतं. म्हणजे हे हरभऱ्याच्या बाजारभावाचं घर! अकोल्यात विकायचा रेडिओ, त्याला हरभऱ्याचं बटण आहे आणि कापसाचं नाही, याचा मला इतका संताप आला की कंपनीला एक कडक पत्र लिहून ठेवलं. (गुलाम नबी पाहायला आले होते तेव्हा त्यांचं मत असं पडलं होतं की ग्राम म्हणजे नवीन सरकारी वजन, आवाज तोलायचं असेल.) मशीनशी त्या घराचा काही संबंध असेल, हे आम्हा तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पौर्णिमा उजाडली. मंडळी पांढरे कपडे घालून बसली. किसनरावांच्या खिशाला दोन पेनं. शिष्टाचार म्हणून मी थाळी फिरती ठेवली होती, सुईही टेकवली होती. डासाचा आवाज सुरू होता, तिकडे कोणी बघत नव्हतं. तेवढ्यात किसनराव मला म्हणाले, "तुम्ही दुरुस्तीवाले का?" दुरुस्तीवाले! त्या शब्दासरशी माझी तार सटकली. रेडिओ तरी मोठा करावा म्हणून बटणाला हात घातला, घाई आणि राग यांत भलतंच बटण हाती आलं, ते असं पिळलं की लाख फुटून तुकडे सतरंजीवर, आणि रेडिओतून वंदना गर्जत बाहेर!

मी तोंड उघडणार, इतक्यात किसनराव अधिकारानं म्हणाले, "नागपूर केंद्र आहे. ग्रामीण कार्यक्रम. आमच्या पंचायतीच्या रेडिओवर रोज लागतो." झालं! खुशालरावांनी पाहिलं, काटा ग्रामवर. त्यांचे डोळे भरून आले, मामा. "ग्रामवर? गावाच्या कार्यक्रमात तथागताचं नाव?" म्हणाले. "म्हंजे गाव बदललं म्हनाचं." आणि तिथल्या तिथे किसनरावांना धारणीकडची हवा, पाणी, क्वार्टर कसं आहे ते विचारू लागले. मी ओरडून सांगतोय, रेकॉर्ड आहे, रेकॉर्ड! तर सगळे माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवतात, वंदना चालू आहे म्हणून.

मग सुई अडकली. आता तिसरणाची ओळ तीनदा म्हणायचीच असते, म्हणून तीनपर्यंत कोणाला काही वाटलं नाही. चौथ्यांदाही सगळ्यांनी भक्तिभावानं म्हटली. पाचव्यांदा आवाज जरा बारीक झाले. मग चतुराबाई किसनरावांनाच म्हणाल्या, "अवो, तुमचा नागपूरवाला पुढं काहून नाई जाऊन राह्यला?" ललिता उठली, बोटानं सुईचा हात हळूच पुढे ढकलला, आणि नागपूर केंद्र पुढच्या ओळीवर गेलं.

ग्राम म्हणजे ग्रामोफोन! एवढंच होतं! आणि या क्षणी शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी उभा राहून किसनरावांना त्यांच्या पंचायतीच्या रेडिओवर आणखी काय काय लागतं ते विचारलं. फार मोठ्यानं विचारलं. मंडळी चहा न घेता उठली.

नंतर खुशालरावांनी मला समोर उभं केलं. लाख कोनं तोडली, म्हणाले. मी म्हटलं, मी तोडली. वर विचारलं, अन् तुमाले गाव नको तं ग्रामसेवक काहून पाह्यता? वाटलं, आता मारतात. पण ते हळूच म्हणाले, "तो गावात खुर्चीवर बसते. म्या गावात वेशीभायेर बसत होतो. तू कशावर बसतं, सांग."

मामा, मी गुलाम नबींच्या दुकानात पेट्रोमॅक्सच्या खोक्यावर बसतो. पेचकस खिशात घातला. घरी आलो.

तात्पर्य, या जगात कोणाचं काही दुरुस्त करू नये. सगळं सोडून मेळघाटात बांबू तोडायला जावं असा विचार पक्का झाला आहे. (धारणी सोडून दुसरीकडे कुठेतरी.) माझा शोध घेऊ नका. मामींना जयभीम, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला करंजाचं तेल चोळा.

तुमचा,
धर्मपाल

ता. क. – अंजनगावहून निरोप आलेला नाही. होकारही नाही, नकारही नाही. बांबूचं काम पावसाळ्यात बंदच असतं म्हणे. तेव्हा तुम्ही एकदा अकोल्याला येऊन खुशालरावांजवळ बसाल का? त्यांना 'खुशा' म्हणणारा माणूस आता दुसरा कोणी उरलेला नाही.

ता. क. २ – येण्याआधी तिकडे कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेबांना सहज विचारा, मधेच सोडलेल्याला जूनमध्ये परत घेतात का. माफीनामा लागत असेल तर मजकूर तुम्ही लिहा, मी सही करतो. काचेच्या उपकरणाबद्दल दिलगीर आहे असं लिहा. डेमॉन्स्ट्रेटरबद्दल नाही.

ता. क. ३ – मी खुशालरावांच्या बोलण्यानं परत जातोय असा त्यांचा समज होऊ देऊ नका. मी ललिताला काल नळावर विचारलं, पदवीला तीन वर्षं लागतील, काय करू? ती एकच शब्द बोलली. तो इथे लिहीत नाही. मामी पत्रं मोठ्यानं वाचतात.