चौथ्या ओळीची व्यवस्था

मी, कीर्ती किसन वाहुळे, वय ४६, राहणार पलासिया, इंदूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मी तितकी नाही.

१. फ्लॅट आणि बँकेतली ठेव धाकटा भाऊ पंचशील याला. भंवरकुआं भागातला त्याचा शिकवणीचा क्लास वाढवण्यासाठी त्याने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही.

२. माझी पुस्तके महूच्या वाचनालयाला. बाबांच्या कवितांना ‘अर्धवट’ म्हणणारा समीक्षाग्रंथही द्यावा. रागाने मी तो माळ्यावर टाकला आहे.

३. बाबांच्या, म्हणजे कवी किसन वाहुळे यांच्या, कवितांचे हक्क पंचशीलला. बाबा मानत की सौंदर्य एकट्या कवीच्या हातात नसते, ते ऐकणाऱ्याच्या मनात पुरे होते. म्हणून ते तीनच ओळी म्हणून थांबत. महूच्या काव्यबैठकीत चौथी ओळ कुणीही देई, मराठीत, हिंदीत, माळवीत. या विचारावर मी प्रबंध लिहिला, पण बैठकीत माझ्या तोंडून एकदाही ओळ निघाली नाही. कवीची मुलगी मान खाली घालून बसे.

अखेरच्या आजारात एका दुपारी बाबा म्हणाले,

कोरड्या नदीला विचारलं मी,
कुणाची वाट बघतेस?
तिनं डोळे उघडले, म्हणाली,

आणि माझ्याकडे बघत थांबले. मी घाबरून विचारले, “पाणी देऊ का?”

बाबांनी हसून मान डोलावली.

“क्या बात है, ताई! दिलीस ना ओळ!” दारातून पंचशील ओरडला.

“गप रे. मी पाण्याचंच विचारलं.”

“तर काय झालं? बाबा काय परीक्षा घेत होते तुझी?”

मी पेला पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही.

मला अजून लाज वाटते. जी ओळ मी रचलीच नाही, तिची दाद मी कशी घेऊ? म्हणून कालच्या मसुद्यात ही कविता बाबांच्या आगामी संग्रहातून वगळली होती. पण लाज माझी आहे, कविता बाबांची. वगळण्याचा हक्क मला नाही.

तेव्हा ही कविता चारही ओळींसह छापावी. बाकी कवितांखालची चौथ्या ओळीची जागा कोरीच राहावी. ती माझ्याकडून भरून घेण्याचा प्रकाशकाचा आग्रह मी मानलेला नाही, पंचशीलनेही मानू नये. चौथ्या ओळीला माझे नाव लावू नये. ती बाबांनी ऐकली, एवढे पुरे.

सही: कीर्ती किसन वाहुळे
आमच्यासमोर सही केली, साक्षीदार: समीर खंडारे, रमा गोडघाटे
इंदूर, ९ जानेवारी २०२५