पंखा माझं ऐकेल

३ मे, शनिवार
निर्णय झाला. बेडरूमचा पंखा आवाजावर चालवायचा. पार्सल आलं आहे: पंख्याच्या दांडीवर छतालगत असतो त्या कपात बसवायचं मॉड्यूल आणि टेबलावर ठेवायचा स्पीकर. या घरात माझं कोणी ऐकत नाही, ही माझी जुनी तक्रार. आता निदान छत तरी ऐकेल.

मुलगी म्हणते वायरमनला बोलवा. चार वायरींचं काम, त्याला वायरमन कशाला?

४ मे, रविवार. दुपार
मेन स्विच बंद करून शिडीवर चढलो. छतातून तीनच वायरी निघाल्या. मॉड्यूलसोबत आलेल्या चित्रात चार आहेत. चित्र चुकलं असणार.

बायको शिडी धरून उभी होती. तिला बँकेने बढती देऊ केली आहे, पण बदली दुसऱ्या गावी, तीही दोन वर्षं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, काय करू, असं विचारत होती. तोंडात स्क्रू धरून माणसाने मत कसं द्यायचं? शुक्रवारपर्यंत पंखा होईल, मग निवांत बोलू, असं खुणेने सांगितलं. तिला कळलं असावं.

संध्याकाळ
मी म्हणालो, पंखा चालू. फिरला. डोळ्यांत पाणी आलं. धूळ असेल.

५ मे, सोमवार
कामावर निघताना नेहमीप्रमाणे घरभर फिरून भिंतींवरची सगळी बटणं बंद केली. ही शिस्त माझ्याशिवाय कोणालाच नाही.

संध्याकाळी पंखा ढिम्म. आधी गोडीत सांगितलं, मग ऑफिसात शिपायाला सांगतो त्या आवाजात. स्पीकर म्हणतो, उपकरण प्रतिसाद देत नाही. दोष वायफायचा. नवा राउटर मागवला.

६ मे, मंगळवार
राउटर बसवला. दिसेल ते बटण खालीवर केलं आणि पंखा जागा झाला. राउटरचा गुण. बायको त्या बटणाबद्दलच काहीतरी सांगत होती. तांत्रिक बाबतीत तिने पडू नये, असं मी शांतपणे सुचवलं. मग तिने बदलीचा विषय काढला. नेमकं तेव्हा ॲप अपडेट होत होतं. उद्या बोलू म्हणालो.

७ मे, बुधवार
पुन्हा मेला. सकाळी सगळं बंद करून निघालो तोवर ठणठणीत होता. म्हणजे माझ्यामागे कोणीतरी हात लावतं. मुलीची उलटतपासणी घेतली. तिने हात जोडले.

उकाड्याने जीव नको झाला. बायकोने खिडकी उघडली. माघार दिसू नये म्हणून मी ती लावून घेतली.

९ मे, शुक्रवार
शिडीवर होतो, खांद्याशी फोन, फोनवर कंपनीचा माणूस. खालून बायको म्हणाली, आज शेवटचा दिवस, हो कळवू का? मी म्हणालो हो, हो, आधी टेस्टर दे. तिने टेस्टर दिला.

१० मे, शनिवार
तिने खरंच हो कळवलं. पुढच्या रविवारी निघणार. मी होकार दिला म्हणे. शिडीवर असताना दिलेला होकार धरायचा नसतो, एवढं कोणालाही कळावं. मी कडाडून भांडलो. ती भांडलीच नाही, ते जास्त लागलं.

ठीक आहे. ती निघायच्या आत पंखा चालवून दाखवतो. मग बघतो हे घर सोडून कोण जातं ते.

१४ मे, बुधवार
रीसेट. पुन्हा रीसेट. ती कपाट आवरतेय. मी तिकडे बघत नाही.

१८ मे, रविवार. सकाळ
बॅगा दाराशी लागल्या. तरी तिला बेडरूममध्ये बोलावलं आणि सगळ्या पट्ट्यांत पंख्याला सांगून पाहिलं. ती ऐकत उभी राहिली. मग तिने भिंतीवरचं बटण दाबलं, जरा थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली, पंखा चालू. फिरला.

बटण कायम चालू ठेवावं लागतं, मी रोज सकाळी ते बंद करतो आणि ती पहिल्या आठवड्यापासून हेच सांगतेय, असं तिने समजावलं. असेल. कंपनीने ठळक लिहायला हवं होतं.

मग बॅग उचलता उचलता म्हणाली, "मला तुमची परवानगी नको होती. माझ्याशिवाय तुम्ही राहाल का, एवढंच विचारायचं होतं."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण खाली गाडीवाला सारखा हॉर्न वाजवत होता.

संध्याकाळ
मुलगी तिला सोडायला गेली आहे. पंखा झकास चाललाय, एका हाकेत ऐकतो. मोहीम फत्ते. मी कोणाला फोन करणार नाही. गरज असेल तर ती करेल.

घरात कोणी नव्हतं, म्हणून ते उत्तर एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. नाही राहणार.

स्पीकर म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही.

मी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.